साठी, बुद्धी आणि कान

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावात एखादे आजोबा विचारले एक नि सांगितले दुसरेच, असे करू लागले की घरचे म्हणतात, 'म्हातारचळ लागला.' दोष बुद्धीचा की कानाचा, हे मात्र क्वचितच तपासले जाते. वैद्यकशास्त्रालाही या दोहोंचा संबंध उलगडायला बराच काळ लागला.

१८५१ मध्ये अल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञाने अंतर्कर्णातील श्रवणेंद्रियाचे सूक्ष्म वर्णन केले. तेथील केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर करतात. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार असतात आणि माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. उतारवयात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी हरपतात. 'स', 'त', 'क' यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर ऐकू येत राहतात. म्हणूनच 'ऐकू येतं, पण समजत नाही' ही वृद्धांची तक्रार खरी असते.

१९८९ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंशाचे शंभर रुग्ण आणि तो विकार नसलेले शंभर वृद्ध यांची तुलना झाली. रुग्णांत श्रवणदोषाचे प्रमाण अधिक आढळले. पण आधी काय घडले, हा प्रश्न राहिलाच. २०११ मध्ये फ्रँक लिन व सहकाऱ्यांनी ६३९ जणांच्या सुमारे बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. सुरुवातीला सौम्य श्रवणदोष असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम असणाऱ्यांत तिप्पट आणि तीव्र असणाऱ्यांत पाचपटीच्या आसपास निघाला.

असे का व्हावे? तुटक शब्द जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, लक्षात ठेवायला ती कमी उरते. ऐकण्याशी निगडित भागांना चालना कमी मिळते. शिवाय बोलणे कळेना म्हणून माणूस पारावर जाणेच सोडतो. ही संभाव्य कारणे आहेत. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग हवा होता. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे व मार्गदर्शन दिले. तीन वर्षांनी सर्वांचा एकत्र विचार करता फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत श्रवणदोष आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था, अली यावर जंग संस्था, १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन झाली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना श्रवणयंत्रासारखी साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तपासणीचा आरंभ मात्र घरातूनच होतो. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांशी समोर बसून, सावकाश बोलून पाहावे. नेमके उत्तर मिळाले, तर प्रथम कानाच्या डॉक्टरांकडे जावे. कधी नुसता मळच साचलेला असतो. बुद्धीला नावे ठेवण्याआधी कान तपासलेला बरा.