कानातला कर्णा

सणांचे मोजके दिवस सोडले, तर पिंपळगाव रेणुकाईपासून मुंबईपर्यंत रात्री १० नंतर उघड्यावर कर्णा वाजवावयास बंदी आहे. २००० सालच्या नियमांनी शेजाऱ्याच्या झोपेला हे संरक्षण दिले. परंतु त्यापूर्वीच, १९७९ साली, जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन विकावयास काढला आणि कर्णा कानाशीच येऊन बसला. तेथे गाऱ्हाणे नेणारा शेजारी कोठून आणावा? म्हणून फ्रान्सने १९९६ साली कायद्याने यंत्रालाच १०० डेसिबलांची वेसण घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली; आवाज ३ डेसिबलांनी चढला, की ही मुदत निम्म्यावर येते. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. परक्याच्या गोंगाटापासून कायदा आपणांस वाचवील. स्वतःच्या कानाचा शेजारी मात्र ज्याने त्यानेच व्हावयास हवे.