पार्ट परदेशी, मिस्त्री आपला

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला जातो तो कारखानदारांचा. वालचंद हिराचंद, बिर्ला, महिंद्र यांची नावे त्यात येतात आणि गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की तो इतिहास संपतो. पण आपल्या देशात गाडी फाटकाबाहेर पडल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षे धावली. तिला त्या काळात कोणी जिवंत ठेवले, तिचे पार्ट कुठून आले, हे फारसे कोणी लिहिलेले नाही. हा लेख त्या दुसऱ्या इतिहासाबद्दल आहे. त्यात माझ्या गावाचा आणि आपल्या समाजाचा मोठा वाटा आहे, म्हणूनही मला तो लिहावासा वाटला.

मी वाशिंदचा. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने येताना खडवलीनंतर आणि आसनगावच्या आधी आमचे स्टेशन लागते. आज ते मधलेच एक स्टेशन आहे. पण १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा गाडी इथेच संपत असे. रूळ पुढे सरकायला आणखी चारएक वर्षे लागली. म्हणजे परदेशी बनावटीचे यंत्र आमच्या गावाने पाहिले ते मोटारीच्या कितीतरी आधी. त्या काळी इंजिने इंग्लंडहून येत आणि सुएझचा कालवा १८६९ साली खुला होईपर्यंत माल आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने समुद्रावरून येत असे. एवढी वाट पाहत इंजिन बंद ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून रेल्वे कंपनीला भायखळ्याला आणि पुढे परळला वर्कशॉप उभारावी लागली. तिथे आपल्या लोहार-सुतारांनी तुटलेला भाग दुरुस्त करायला, नाहीतर नवा घडवायला शिकून घेतले. यंत्र परदेशी, पार्ट लांबून येणारा आणि मधली अडचण सोडवणारा कारागीर इथला, ही रचना तेव्हाच ठरली. मोटार आली ती याच रचनेत.

मोटारीच्या बाबतीत ही अडचण सरकारी धोरणाने अधिक घट्ट झाली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याची योजना नाही अशा कंपन्यांना यापुढे वाव नाही. जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. कंपनी गेली, पण तिने विकलेल्या शेव्हरोले रस्त्यावरच होत्या. आयात-निर्यात (नियंत्रण) कायदा १९४७ पासून लागू होता आणि १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवाने आणखी आवळले गेले. सामान्य मालकाला परदेशातून सरळ पार्ट मागवणे जवळपास अशक्य झाले.

धोरणाचा हेतू वाईट नव्हता. त्यातूनच इथे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० हळूहळू देशी झाली आणि १९७० च्या दशकात आधी प्रेसिडेंट, मग पद्मिनी या नावाने विकली गेली. पण जुन्या परदेशी गाड्यांच्या मालकांपुढे दोनच वाटा उरल्या: भंगारातून शोधा, नाहीतर घडवून घ्या. कुर्ल्याचा भंगार बाजार आणि मुंबईचा चोर बाजार हे त्या गरजेचे बाजार होत. तिथे गाडी मरत नसे, वाटली जात असे. एकीचा गिअरबॉक्स दुसरीत, दुसरीचा डायनॅमो तिसरीत.

या बाजारांत आणि गॅरेजांत आपली माणसे इतकी कशी, याचे उत्तर अर्थकारणात आहे. न्या. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले आहे, की मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हिंदू कामगारांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. ज्या कामांत मुस्लिमांचा वाटा तुलनेने जास्त आढळला, त्यांत मोटारींची विक्री व दुरुस्ती हे एक होते. पगारी नोकरीचे दार अरुंद, शिक्षण अपुरे, तेव्हा दहा-बारा वर्षांचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली जाई. आधी पाने धुवायचे, मग पाने द्यायचे, मग नट सैल करायचा. इंजिन उघडायला मिळेपर्यंत काही वर्षे जात. या शाळेला इमारत नव्हती, दाखला नव्हता. तिने मुलांचे बालपण घेतले, हेही विसरू नये. पण तिथे शिकवले जात होते ते खरे ज्ञान होते.

ते कसले ज्ञान? एक उदाहरण देतो. नट पाहून मिस्त्री गाडीचा देश ओळखत असे. अमेरिकन जीपचे नट इंचाच्या अपूर्णांकात. इटालियन वंशाच्या फियाटचे मिलिमीटरमध्ये. जुन्या इंग्लिश गाड्यांना व्हिटवर्थ पद्धतीचे आटे. जोसेफ व्हिटवर्थने ते माप १८४१ साली मांडले आणि त्याच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून गॅरेजात पान्यांचे तीन वेगळे संच लागत. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होत, मग छिन्नी-हातोडीशिवाय गत्यंतर नसे. आज कोणी याला मापनशास्त्र म्हणेल. उस्ताद त्याला फक्त ‘हाताची सवय’ म्हणत.

आमच्या घरी पद्मिनी होती. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. अब्बांचा रविवारचा कार्यक्रम ठरलेला. कार्बोरेटर उतरवून पेट्रोलने धुवायचा, जेटमध्ये फुंकर मारायची, पण तार घालायची नाही, कारण तारेने भोक मोठे होते आणि गाडी जास्त पेट्रोल पिते. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी राहते का ते पाहायचे. प्लग घासायचे, ग्रीस भरायचे. उन्हाळ्यात कसारा घाट चढायचा असेल तर फडके आणि पाण्याची बाटली पुढेच ठेवायची. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओले फडके पंपावर टाकून दहा मिनिटे थांबले की गाडी पुन्हा चालू. आग्रा रोडवर पद्मिनी चालवलेल्या कुणालाही हे विचारा.

याच घरात ‘परदेशी पार्ट’ या शब्दाचा अर्थ मला कळला. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखातात बांधकामे सुरू झाली आणि ठाणे, रायगड, रत्नागिरीतले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांच्या बॅगांतून सेंट, कापड आणि टेपरेकॉर्डर आले, हे सर्वांना माहीत आहे. ऑइल सील आणि बेअरिंगही आले, हे कमी लोकांना आठवते. शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या गाड्यांच्या पार्टचा मोठा बाजार आहे. माझे मामू तिथे कामाला होते. त्या बाजारात आमच्या पद्मिनीचे नाव सांगून उपयोग नव्हता; तिकडे सगळा जपानी गाड्यांचा राबता. म्हणून अब्बा पत्रात गाडीचे नाव लिहीतच नसत. ते आकडे लिहीत. ऑइल सीलला तीन मापे पुरतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगला तर एकच क्रमांक पुरतो. ६२०४ म्हणजे आत २० मिलिमीटर, बाहेर ४७, जाडी १४. मग ते शारजाला घ्या, ओसाकाला घ्या की कल्याणला. नाव देशापुरते असते, माप सगळीकडे सारखे.

हा धडा पुढे आमच्याच परिसरात मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडला. उदारीकरणानंतर प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडू लागली. काही वर्षांतच कामगार आणि भागीदारीचे प्रश्न चिघळले, प्यूजो निघून गेली आणि उत्पादन थांबले. १९५४ ची शेव्हरोलेची गोष्ट पुन्हा घडली. युरोपातही या मॉडेलचे उत्पादन तोवर बंद झालेले. पण मिस्त्रींच्या लक्षात एक गोष्ट आली. ३०९ मध्ये असलेले प्यूजोचे दीड लिटरचे टीयूडी-५ हे डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये वापरले होते. म्हणजे इंजिनाचा बराचसा माल मारुतीच्या पार्टच्या दुकानात मिळू शकत होता. दिव्याची काच किंवा दरवाजाचा हँडल मात्र फ्रान्स-इंग्लंडकडूनच आणावा लागे. कोणता भाग इथे मिळेल आणि कोणता समुद्रापलीकडून मागवावा, हे सांगणारे पुस्तक नव्हते. ते मिस्त्रीच्या डोक्यात होते.

आणि प्रवाह एकाच दिशेने वाहिला असेही नाही. अँबेसेडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. इंग्लंडमध्ये ती कधीच बंद झाली, उत्तरपाड्याला मात्र २०१४ पर्यंत बनत राहिली. म्हणून ऑक्सफर्डचे इंग्रज मालक पार्टसाठी भारताकडे पाहतात. बुलेटचे तेच. अमेरिकेत विलीस सीजे-३बी या जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, महिंद्रने तो साचा पुढे कित्येक वर्षे चालवला, आणि तिथले हौशी लोक आपल्याकडून भाग मागवतात. टंचाईमुळे आपण जे जपले, ते आज श्रीमंत देशांना विकत घ्यावे लागते.

महिंद्रचे नाव निघालेच आहे तर एक आठवण करून देतो. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पाटी बदलून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. पाटीवरचा मोहम्मद गेला. पण त्या कंपनीच्या जीपखाली झोपून गिअरबॉक्स उतरवणारे कितीतरी मोहम्मद इथेच राहिले. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या रस्त्यांवर त्या जीप त्यांनीच धावत्या ठेवल्या. पहिल्या मोहम्मदची नोंद इतिहासात आहे. दुसऱ्यांची कुठेच नाही.

आता हा काळ सरत आला आहे. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील कारच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली. पण ती प्रदर्शनासाठी आणि रॅलीसाठी, रोजच्या वापरासाठी नव्हे. मामूंची बॅगही आता पूर्वीसारखी उपयोगी नाही. जुने, वापरलेले पार्ट आयात करायला परवानगी लागते. परदेशातून ‘भेट’ म्हणून येणाऱ्या छोट्या पार्सलांची करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली. सूट राहिली ती राखीला आणि जीवरक्षक औषधांना.

जुन्या गाड्या धूर जास्त सोडतात आणि अपघातात माणसाला कमी वाचवतात, हे खरे आहे. सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवा असा माझा आग्रह नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. धोरणाने गाडीचे वय मोजले, पण मिस्त्रीचे ज्ञान मोजले नाही. गाडी मोडीत काढली तर तिचे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम परत मिळते, मालकाला प्रमाणपत्र मिळते. मिस्त्री घरी बसला तर त्याच्याकडून काय परत मिळते? अनुभवी कारागिराला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे, पण गल्लीतल्या साठीच्या उस्तादापर्यंत ती पोहोचवणार कोण? आणि त्यांची मुले? अनेकांना हे काम नको आहे. बापाच्या नखांतले काळे तेल ज्याने रोज पाहिले, त्याला मी दोष देणार नाही.

पण निदान लिहून तरी ठेवू या. तुमच्या घरात, ओळखीत असा कोणी उस्ताद असेल तर त्याच्याजवळ बसा. कोणत्या गाडीला कोणत्या दुसऱ्या गाडीचा भाग चालतो, कोणता बुश लेथवर कातून घेतला, कोणत्या सीलचे माप काय, हे वहीत उतरवा. मराठीत उतरवा. तो कुणाचा शागिर्द, त्याचा उस्ताद कोण, तो कुठल्या गावाहून आला, हेही विचारा, त्याचे नाव पूर्ण लिहा आणि खाली तारीख टाका. पद्मिनीच्या पंपावर ओले फडके का टाकायचे, हे पन्नास वर्षांनी कुणाला लागणार नाही कदाचित. पण हे सगळे कोणाला माहीत होते, हा प्रश्न विचारला जाईल, आणि तेव्हा उत्तर कागदावर असायला हवे.