बिघाडाचा सूर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने इलेक्ट्रिक गिटार वाजवली. व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या मी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणाला खूण केली आणि ती खरखर कमी करावयास लावली. त्यानेही मान डोलावून वरच्या पट्टीचे बटण खाली आणले. उरली ती नुसती घरघर. मुलगा खुलताबादचा, रोज पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास करून येणारा. दुसऱ्या दिवशी तो एवढेच म्हणाला, “सर, तो बिघाड नव्हता. मला तसंच हवं होतं.”

त्याला हवा होता नव्वदच्या दशकारंभीच्या अमेरिकन ‘अल्टरनेटिव्ह’ रॉकचा नाद. या नादाचा इतिहास मी त्यानंतर वाचला आणि आढळले की त्याचा आरंभ खरोखरच एका बिघाडातून झाला आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स याच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी नॅशव्हिल येथील मिक्सरचा एक भाग सदोष होता, त्यामुळे ग्रेडी मार्टिन याच्या सहा तारांच्या बास गिटारचा आवाज फाटला. मंडळींनी तो तसाच ठेवला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने पुढे त्या दोषाची नक्कल करणारे मंडल तयार केले व १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते पेटीत बंद होऊन बाजारात आले. चूक विकत मिळू लागली!

तांत्रिक बाब तशी सोपी आहे. यंत्राला पेलवेल त्याहून मोठी ध्वनिलहर त्यात शिरली की तिचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. १९७८ मध्ये बॉस या जपानी कंपनीने काढलेला डीएस-१ हा नारिंगी पेडल हेच करतो. त्यावर बटणे तीनच: टोन, लेव्हल आणि डिस्टॉर्शन. कर्ट कोबेन तो वापरत असे. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या संग्रहातील एका गाण्यासाठी तर त्याने अ‍ॅम्प्लिफायर वगळून गिटार थेट मिक्सरलाच जोडली होती. म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा तोच मिक्सर आणि तोच फाटलेला आवाज, फरक इतकाच की यावेळी तो मुद्दाम फाडला होता. त्या पिढीतील कित्येकांची वाद्येही जुनी, गहाणवटीच्या दुकानांतून स्वस्तात मिळालेली. ऐंशीच्या दशकातील चकचकीत, प्रतिध्वनींनी सजवलेल्या गिटारवादनाविरुद्धची ही प्रतिक्रिया होती.

हे वाचताना मी ओशाळलो, त्याचे कारण निराळे आहे. साठोत्तरी लघुअनियतकालिकांतील सायक्लोस्टाइलच्या फिसकटलेल्या अक्षरांचे मी वर्गात कौतुक करतो. शाई पसरणे हाही त्या बंडाचाच भाग होता, असे सांगतो. तानपुऱ्याच्या जवारीबद्दलही आपण असेच बोलतो. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठावर तार घासत राहावी आणि तिच्याखाली सुताचा धागा सरकवून तो घर्षणनाद नेमका कुठे फुलतो हे शोधावे, यासाठी मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या खपल्या. तिथे खरखरीला आपण ‘गोलाई’ म्हणतो आणि गिटार आली की बिघाड म्हणतो.

आणि रस्त्यावरचे काय? महाराष्ट्रात वरातींत जो ‘बेंजो’ वाजतो तो अमेरिकन बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ साली घडवलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचा तो वंशज. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, भोंगा जोडला गेला, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेच्या टोकापर्यंत पिळला गेला. ताशांच्या गजरातून वाट काढायला त्याला तो फाटका आवाजच उपयोगी पडतो. समा-श्रवणाच्या आवडीसाठी प्रसिद्ध असलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांची (निधन १३३७) दर्गाह ज्या गावात आहे, त्या खुलताबादेत उरुसाच्या कव्वाल्या आणि वरातीचे बेंजो भोंग्यांतून ऐकत वाढलेल्या कानाला सिअ‍ॅटल फार दूरचे वाटले नसावे, असा माझा तर्क आहे. असो.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. गच्चीवर लहानसा सरावाचा अ‍ॅम्प, जुनी गिटार. त्याने स्नेहसंमेलनातली मांडणी जशीच्या तशी लावून दाखवली: गेन पूर्ण, खर्ज आणि टीप भरपूर, मधली पट्टी शून्यावर. एकट्याने ऐकताना हा आवाज भव्य भासतो. पण गिटारचा मुख्य प्राण मधल्या पट्टीतच असतो. ड्रम आणि बास सुरू झाले की ती पट्टी नसलेली गिटार त्यांच्यात बुडून जाते. त्या दिवशी मधले त्याने काढले होते आणि वरचे मी काढायला लावले. ऐकू येण्याजोगे काही उरलेच नव्हते! चूक दोघांची होती, परंतु तो शिकत होता आणि मी न ऐकताच निकाल दिला होता.

मग त्याने गेन निम्म्यावर आणला. मधली पट्टी अर्ध्याच्याही पुढे नेली, टीप थोडी उतरवली. कडव्यासाठी पेडल बंद करून स्वच्छ, किंचित थरथरता आवाज, आणि ध्रुवपदाला पाय पडताच भिंत कोसळावी तसा लोंढा. गेन कमी करूनही आवाज मोठा वाटला, हे मला अनपेक्षित होते. प्रत्येक तार त्या खरखरीतही वेगळी ऐकू येत होती. खालून त्याच्या आईने हाक मारली, “सर चहा घेतील ना रे?” आणि तो पुन्हा बटणांकडे वळला, टीप अजून एक खूण खाली हवी, असे त्याचे म्हणणे. मला ती तशीच ठेवावीशी वाटत होती. आम्ही चहा गार होईपर्यंत त्यावर वाद घातला.