बाँटुलच्या छातीवरच्या गोळ्या

बंगालीत ‘बाँटुल’ म्हणजे बुटका, ठेंगू. कोलकात्यात मात्र हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर येते ती कोठीएवढी छाती. अंगात गुलाबी सँडो बनियन, खाली काळी हाफ पँट, पाय अनवाणी आणि इतके काटकुळे, की हे धूड त्यांवर उभं तरी कसं राहतं!

‘बाँटुल दि ग्रेट’ हा चित्रकथेचा नायक अवतरला १९६५ साली, ‘शुकतारा’ या मुलांच्या मासिकात. त्याचे चित्रकार नारायण देबनाथ हावड्याजवळच्या शिबपूरचे. घरात दागिन्यांचा धंदा, त्यामुळे हात बसला तो दागिन्यांच्या नक्षीवर. कोलकात्यातल्या कॉलेज स्ट्रीटहून परतताना बाँटुल सुचला, असं ते सांगत. त्याच्या शरीरयष्टीमागे पैलवान मनोहर आइच यांचं नाव घेतात: उंची चार फूट अकरा इंच, १९५२चे मिस्टर युनिव्हर्स. तसं असेल तर ‘बुटका’ हे नाव थट्टेचं राहत नाही.

सुरुवातीला हा नुसताच दांडगा गडी होता. गोळी लागली असती तर मेला असता. १९७१मध्ये पूर्व बंगालात युद्ध पेटलं आणि संपादक-प्रकाशकांनी गळ घातली, याला अजिंक्य करा. देबनाथ बिचकले, कायद्याचं लचांड मागे लागेल, ही धास्ती. काही होणार नाही अशी हमी मिळाली, तेव्हा कुठे बाँटुल रणगाडे आणि विमानांशी भिडला, गोळ्या त्याच्या छातीवर आपटून परत फिरू लागल्या. देबनाथांचं मूळ घराणं पूर्व बंगालातल्या विक्रमपूरचं, म्हणजे लढाई पेटली होती ती वाडवडिलांच्या मुलखात. आपल्याकडच्या मराठी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाला मुखवटा लागे, दोन पिस्तुलं लागत. बाँटुलचं बनियनवर भागलं.

पण त्याच सुमारास कॉलेज स्ट्रीटवर बॉम्ब फुटत होते, नक्षलवादी झालेली पोरं आणि पोलीस समोरासमोर होते. संपादकांनी रणगाडा मागितला. बॉम्ब कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. सीमेपलीकडचा शत्रू मुलांना दाखवता येतो, गल्लीतला दाखवायचा कसा?

देबनाथांची आणखी एक चित्रकथा ‘नॉण्टे-फॉण्टे’ १९६९ची, ‘किशोर भारती’ मासिकातली. तिथली पोरंही भांडतात, पण गल्लीत नाही, हॉस्टेलात. वर दादागिरी करणारा केल्टूदा, त्याच्याही वर ढेरपोट्या सुपरिंटेंडंट हातीराम पाती. शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा केल्टूदा पुढे पळतोय आणि हातीराम मागे.