तपासणी आणि बायकांची बोली

ज्या रोगाची वेदना प्रारंभीं जाणवतच नाहीं, त्याच्या तपासणीस निरोगी स्त्रीला घराबाहेर आणणार तो केवळ शब्द. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा असाच. नागपूरच्या उत्तरेस, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या सावनेरास मराठीबरोबर हिंदीही कानीं पडते. पण त्याहून मोठा अडसर पोथी आणि बोली यांमधला आहे. ‘गर्भाशयग्रीवा’ या शब्दानें गोंधळणाऱ्या बाईला ‘पिशवीचें तोंड’ म्हटलें कीं उमगतें.

१९४१ सालीं पापानिकोलाऊ व ट्राउट यांनीं अमेरिकेंत पेशींवरून हा रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली; त्याच वर्षीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. पुढें १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेलें संशोधन झालें. ज्या गटांत विषाणूची तपासणी एकदांच झाली, तेथें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या स्त्रिया तपासणीस आल्या, त्या घरोघर जाऊन समजावणाऱ्या आरोग्यसेविकांमुळें.

सावनेरसारख्या गांवीं हाच धडा उपयोगी आहे: आधीं बाईच्या बोलींत बोलावें, मग यंत्र मांडावें.