औषधशाळेचें दार

एखाद्या धंद्यांत कोणाला प्रवेश मिळावा हें कायद्यानें ठरतें, अशी आपली समजूत असते. इंग्लंडांतील औषधविक्रेत्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ती अपुरी वाटूं लागते.

१८६८ च्या कायद्यानें तेथें परीक्षा व नांवनोंदणी सक्तीची झाली. त्या कायद्यांत स्त्रियांना मज्जाव नव्हता. पहिल्याच नोंदपटांत दोनशेंहून अधिक स्त्रियांचीं नांवें आढळतात. यांतल्या पुष्कळशा दुकानदारांच्या बायका, विधवा किंवा मुली. घरच्या दुकानांत खल घोटतां घोटतां त्यांनीं ही विद्या हस्तगत केलेली. परंतु नोंद वेगळी आणि सभासदत्व वेगळें. १८४१ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेली फार्मास्युटिकल सोसायटी उत्तीर्ण झालेल्या बाईचें नांव पटावर चढवी. मात्र तिला सभासद करून घेईना, कीं आपल्या प्रयोगशाळेंत पाऊल टाकूं देईना. परीक्षा आमची द्या, अभ्यास दुसरीकडे करा, असा हा विलक्षण न्याय!

१८७३ सालीं ॲलिस व्हिकरी ही या सोसायटीची मायनर परीक्षा उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षीं रोझ मिनशुल हिनें प्राथमिक परीक्षेंत सर्व पुरुष उमेदवारांना मागें टाकलें. ती आणि इझाबेला क्लार्क या दोघींना प्रयोगांसाठीं दक्षिण लंडनमधील एका खाजगी विद्यालयाचा आश्रय करावा लागला. सोसायटीच्या कार्यकारी मंडळांत रॉबर्ट हॅम्पसन हे गृहस्थ त्यांची बाजू चिकाटीनें मांडीत राहिले, आणि ऑक्टोबर १८७९ मध्यें या दोघी एकदांच्या सभासद झाल्या.

परंतु माझ्या मतें खरी अडचण निराळीच होती. ती म्हणजे उमेदवारी. पुस्तकी अभ्यासाबरोबर दुकानांत बसून औषधें तयार करण्याचा अनुभव लागे, आणि मुलीला उमेदवार म्हणून ठेवून घेणारा दुकानदार विरळा. ज्या मुलीच्या बापाचें दुकान नाहीं, तिनें जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर क्लार्कबाईंनीं भाषण करून दिलें नाहीं. १८७६ सालीं लंडनच्या पॅडिंग्टन भागांत त्यांनीं स्वतःचें दुकान थाटलें आणि तेथें मुलींना उमेदवारीवर घेतलें. पुढें मार्गारेट ब्यूकॅनन यांनीं स्त्रियांसाठीं औषधविद्येची शाळाच चालविली.

याखेरीज एक आडवाट होती. अपॉथिकरींच्या संस्थेची मदतनिसाची परीक्षा स्वस्त व सोपी असे. तीवर रुग्णालयांत औषधें देण्याचें काम मिळे, पण केमिस्ट म्हणून स्वतःचें दुकान काढतां येत नसे. रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्ती यांनीं पहिल्या महायुद्धांत हीच परीक्षा दिली. त्यांच्या कथांतील विषें इतकीं अचूक कशीं, हें कोडें येथें उलगडतें! ही वाट पुष्कळ मुलींना उपयोगी पडली खरी. पण तिनें स्त्रिया म्हणजे कमी पगाराच्या मदतनीस, हा ग्रहहि पक्का केला. त्याच्याशीं झगडण्यासाठीं १९०५ सालीं स्त्री-औषधतज्ज्ञांनीं आपली संघटना काढली. पहिल्या अध्यक्षा अर्थातच क्लार्कबाई. लग्नानंतर त्यांचें आडनांव क्लार्क-किअर झालें होतें.

१९१८ सालीं ब्यूकॅननबाई सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर निवडून आल्या. अध्यक्षपदीं स्त्री बसण्यास मात्र १९४७ साल उजाडावें लागलें. त्या जीन अर्व्हिन.