गोलकोंडे आणि तिचा झेक स्थपती

नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील शेतकऱ्याचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जमा होत असे. त्या संस्थानाशी नाते सांगणारी एक वास्तू दूर पाँडिचेरीत उभी आहे आणि तिचा स्थपती झेक होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अँटोनिन रेमंड यांचा जन्म १८८८ साली बोहेमियातील क्लाद्नो येथे झाला. प्रागमध्ये शिक्षण घेऊन १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. १९१९ च्या अखेरीस फ्रँक लॉइड राइट यांच्यासमवेत इम्पीरिअल हॉटेलच्या कामासाठी ते टोकियोत आले आणि पुढे तेथेच त्यांनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. कारुइझावा येथील संत पौलाचे लाकडी कॅथलिक चर्च ही त्यांचीच निर्मिती.

पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाने साधकांच्या निवासाचे काम त्यांच्याकडे सोपविले. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या पुढाकाराने संस्थानाकडून एक लाख रुपये मिळाले. म्हणूनच वास्तूस गोवळकोंड्यावरून 'गोलकोंडे' हे नाव पडले. १९३७ मध्ये काम सुरू झाले. रेमंड परतल्यानंतर जॉर्ज नाकाशिमा व दुसरे झेक स्थपती फ्रांतिशेक साम्मर यांनी ते पुढे नेले. साधकही बांधकामास हात लावीत. दर्शनी बाजूंस भिंतींऐवजी फिरत्या आडव्या पट्ट्या आहेत. त्या ऊन अडवितात, वारा आत घेतात. तेथे पंख्यांची गरज भासत नाही.

महायुद्धानंतर रेमंड जपानला परतले. टोकियोचे संत अन्सेल्म चर्च आणि नागोयाच्या नान्झान या कॅथलिक विद्यापीठाचे संकुल (१९६४) त्यांनी उभारले. १९७६ मध्ये ते निवर्तले.

या चरित्राकडे आम्ही दोन कारणांनी पाहतो. वैशाखात पत्र्याखाली मिस्सेस बसणाऱ्या आपल्या खेड्यांतील भाविकांना सावली आणि वारा हवा असतो. उंच मनोऱ्याचा विचार त्यानंतरचा. धर्मग्रामात नवे मंदिर बांधताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. दुसरे असे की, इतिहासात स्थपतीचे नाव राहते, दिवाणाचेही राहते. ज्यांच्या साऱ्याने संस्थानाचा खजिना भरला, त्या गोदाकाठच्या कुणब्यांचे राहत नाही. आपल्या मंदिरांच्या इतिहासात तरी मूठभर ज्वारी देणाऱ्या विधवेचे नाव लिहून ठेवावे. प्रभूने तिच्या दोन टोल्यांची दखल घेतली होती.